उंदराला मांजर साक्ष

खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या भिंतीलगत
माझ्या पाच कोंबड्या आहेत.
साडेचार म्हणा.
लंगडीला मी अर्धीच धरते.

एकतीस वर्षं ससूनच्या थिएटरात कात्र्या मोजल्या,
रक्ताला मी नवखी नाही.
तरी मंगळवारी, सातचा भोंगा व्हायच्या आत,
साहेबीण धुण्याच्या दगडामागून आली
आणि तिच्या चोचीतून काहीतरी लोंबत होतं.
आधी वाटलं, सुतळी.
सुतळी वळवळत नाही.

तिनं उंदीर दगडावर आपटला,
मी चादर आपटते तसाच, त्याच जागी.
मग मान वाकडी करून एका डोळ्यानं पाहिलं,
झालं का ते.
मग पुन्हा.

बाकीच्या धावल्या. अशा धावल्या
की त्यांचे पाय मी पहिल्यांदा पाहिले:
खवले, नख्या, मागचा तो उलटा काटा.
फार पूर्वीचं फार मोठं जनावर
कुणीतरी बसून लहान करत आणलं असेल,
आणि पायांपाशी येईतो
त्याला जेवायची हाक आली असेल.

भिंतीवर मुदलियारांची मांजर होती.
शेपूट पायांभोवती नीट गुंडाळून.
उतरली नाही.
म्हण आठवली आणि मी एकटीच हसले.
म्हण करणाऱ्यानं
तिसरं कुणी धरलंच नव्हतं.

गिळला. अख्खा.
गळ्यातून गोळा उतरताना दिसला,
मग चोच मातीला पुसली, ही बाजू, ती बाजू,
वस्तरा पुसतात तशी,
आणि शेजारीण वाटीभर साखर मागायला येते
तितक्या हळू आवाजात
मक्याच्या भरड्यासाठी माझ्या पायाशी आली.

कदिर कुंपणाला नाक लावून उभा होता.
मुदलियारांचा नातू, पहिलीतला.
"आजी, ती आत्ता कोण झाली होती?"
कोंबडीच होती रे, म्हटलं.
सांगताना मलाच ते उत्तर अपुरं वाटलं.

लंगडीचं असं, की आषाढात
तिच्या पाठीवरचं एक पीस गेलं.
टिकलीएवढा गुलाबी ठिपका.
चौघी येता-जाता टोचायला लागल्या.
भांडण नाही, राग नाही,
लाल दिसलं की टोचायचं.
टिकलीचा रुपया झाला, रुपयाची वाटी.
मी जांभळं औषध लावलं,
निवृत्त होताना ससूनमधून आणलेली बाटली.
(आणलेली म्हणजे आणलेली.)
तेव्हापासून ती जांभळी पाठ घेऊन
उलट्या पाटीखाली वेगळी राहते,
आणि मी तिला ताटातला भात घालते,
आणि बाकीच्यांना मनात शिव्या.

गुरुवारी कावेरी आजारी पडली.
पंख सैल, डोळे अर्धे, कोपऱ्यात बसून.
मी पाणी आणायला वळले, तेवढ्यात
पाटी सरकल्याचा आवाज.
पहिली चोच लंगडीची होती.

नर्सेसच्या मेसमध्ये पहिलं वर्षभर
माझ्या "व्हय"वरून मुली मला टोचायच्या.
दुसऱ्या वर्षी वेल्ह्याकडची एक आली, सखूबाई नावाची,
"व्हय"सुद्धा धड न म्हणणारी.
सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं
ते मला पक्कं आठवतं.
तिचा चेहरा आठवत नाही.

मी लंगडीला उचलून पुन्हा पाटीखाली ठेवलं.
पाटीवर वीट ठेवली.
भात दिला.

शुक्रवारी साहेबिणीचं अंडं, कोमट, तपकिरी,
बुडाशी जरा शीट.
कदिरच्या आईला रोज एक जातं.
त्यानं हात पुढे केला, मागे घेतला.
"ह्याच्यात उंदीर असेल?"
बॅटरी लावून दाखवलं त्याला:
आत नुसता केशरी उजेड,
एका कडेला सावली हलत होती,
ती बलक म्हणून सांगितली.

त्यानं दोन्ही हातांत धरून नेलं,
अंगापासून लांब.
फाटकाशी थांबला, अंडं छातीशी घेतलं,
आणि मोकळ्या झालेल्या हातानं
खुराड्याची कडी
ओढून पाहिली.